पवनाकाठचं कुंपण

पवना धरणाच्या काठावर सत्तरीतल्या आजींना एका पोरसवदा चौकीदारापुढे हात जोडावे लागले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

दसऱ्यानंतरचा रविवार होता. आम्ही चौघं पिंपरीचे, कॉलेजपासूनचे मित्र. गड चढायचा नाही, घाई करायची नाही, तिकोन्याच्या बाजूनं पाण्याच्या कडेकडेनं रमतगमत चालायचं, एवढंच ठरलं होतं. मावळ पाहावा तो या दिवसांत. पावसाळ्यात तिकोना आणि तुंग ढगांत गुडूप असतात. आता धरण काठोकाठ, आभाळ स्वच्छ, उतारांवर सोनकी. इंद्रायणी भात ओंबीवर आलेला. एकानं दाणा नखानं दाबला तर पांढरं दूध आलं. कापणीला अजून अवकाश होता.

आणि वाट संपली. समोर तारेचं कुंपण, त्यावर हिरवी जाळी. ते काठावरही थांबलं नव्हतं, शेवटचे दोन खांब पाण्यातच रोवले होते. आत तंबूंच्या रांगा. चौकीदारानं विचारलं, "बुकिंग आहे का?"

आम्ही मागे फिरणार, तेवढ्यात दोन म्हशी घेऊन आजी आल्या. "बाळा, पानी पाजते आन् लगेच भाईर काढते."

"शेटनी सांगितलंय आजी, जनावरं आत नाय घ्यायची. पाहुण्यांना वास येतो."

आजींनी हात जोडले. तो पोरगा खाली बघत राहिला, पण फाटक काही उघडलं नाही. पुढची म्हैस जाळीला नाक लावून उभी होती. पाणी तिला दिसत होतं. आजींनी तिला ढकलून वळवलं आणि धरणाकडे हात करून आम्हाला म्हणाल्या, "आमचं घर हुतं तितं. त्या झाडाच्या म्होरं, पान्यात."

हे धरण १९७२ चं. त्यात जमिनी गेलेल्यांपैकी अनेकांना पर्यायी जमीन अजून मिळालेली नाही. पाणी येतं आमच्या पिंपरी-चिंचवडच्या नळांना. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्यांच्या गावांनी एवढं सोसलं त्यांच्या म्हशींनी पाणी प्यायचं नाही, कारण शहरातून दोन दिवस आलेल्यांना वास येतो? धरणासाठी संपादित झालेली जमीन सरकारची असते. तिच्यावर खासगी कुंपण घालून पाण्याची वाट अडवायचा हक्क कुणालाच नाही. काठावरचे सगळे तंबू उखडून टाकावेत, असं मी त्या क्षणी तावातावानं बोललो आणि मला ते मनापासून वाटतही होतं.

दुपारी एका घरी जेवलो. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. घरधन्याचेही तीन तंबू आहेत, त्याच्या स्वतःच्या उरलेल्या तुकड्यावर. भातावर वर्ष निघत नाही, म्हणाला. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर होता, तंबूंमुळे तो घरी परतला. हे ऐकल्यावर सगळे तंबू उखडा असं म्हणायला माझी जीभ रेटेना. तंबू राहोत. पण पाण्यापर्यंत माणसाला आणि जनावराला वाट हवीच. पवनाकाठी मुक्कामाला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: जागा कुणाची, आणि गावकऱ्यांना पाण्यावर जाता येतं का? गावातल्या माणसाकडे राहा.

मित्रानं जलसंपदा विभागाला अर्ज लिहायचं काढलं, तेव्हा घरधनी गप्प झाला. चौकीदार त्याच्याच भावकीतला निघाला. गावातली आणखी काही पोरं त्याच शेटकडे कामाला आहेत. "अर्ज करा," तो म्हणाला, "पण आमच्या गावाचं नाव घालू नका."

अर्ज तयार आहे. गावाचं नाव न लिहिता कुंपण कुठलं ते कसं सांगायचं, यावर आम्हा चौघांचं अजून एकमत होत नाही.