निनोशिमा ते पीस विंग

सान्फ्रेच्चे हिरोशिमा हा जपानच्या जे-लीगमधल्या पहिल्या दहा संघांपैकी एक. त्याच्या शहरातला फुटबॉल मात्र या लीगहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याची सुरुवात पाहायची तर उजिना बंदरातून निनोशिमाची फेरीबोट धरावी लागते. प्रवास वीसेक मिनिटांचा. पाण्यावर कालवांच्या शेतीचे तराफे रांगेने बांधलेले दिसतात आणि समोर शंकूच्या आकाराचा हिरवा डोंगर वर येत जातो. चीनशी झालेल्या युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी १८९५ मध्ये या बेटावर विलगीकरण केंद्र उभे राहिले. पुढे पहिल्या महायुद्धात चीनमधल्या चिंगदाओ येथे पकडलेल्या जर्मन सैनिकांची छावणी इथेच होती.

या कैद्यांमध्ये फुटबॉल खेळणारे बरेच होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांना बोटीने शहरात आणून हिरोशिमाच्या उच्च अध्यापक विद्यालयाच्या मैदानावर विद्यार्थ्यांशी सामने खेळवण्यात आले. कैद्यांनी ५-० आणि ६-० असे सामने जिंकले. चेंडू जमिनीलगत ठेवून एकमेकांकडे देत पुढे सरकण्याची जर्मनांची पद्धत विद्यार्थ्यांना नवी होती. हरलेल्यांपैकी काही जण नंतर ती शिकायला निनोशिमाला गेले. हे विद्यार्थी उद्याचे शिक्षक होते. त्यामुळे जे त्यांनी उचलले ते पुढे शाळाशाळांतून पसरले. हिरोशिमा हे जपानच्या फुटबॉलचे एक मूळ घर मानले जाते, त्यात या अध्यापक विद्यालयाचा वाटा सर्वांत मोठा आहे असे मला वाटते.

निनोशिमाचे दुसरे स्मरण विसरून तिथून निघता येत नाही. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बनंतर सुमारे दहा हजार जखमींना या बेटावर आणले गेले आणि त्यांतले असंख्य इथेच मरण पावले. बेटावर त्यांची स्मारके आहेत. फुटबॉलच्या शोधात आलेल्या माणसाला ती वाटेतच लागतात, आणि तसेच ते असायला हवे.

उजिनाहून शहरात जायला ट्राम आहे. अणुबॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, काही अंतरापुरती का होईना, हिरोशिमाची ट्राम पुन्हा धावली होती. अणुबॉम्बमधून वाचलेले ६५१ आणि ६५२ क्रमांकांचे डबे अजून सेवेत आहेत. कामियाचो भागात उतरून नदीच्या दिशेने चालत गेले की अणुबॉम्ब घुमट दिसतो. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेले हे प्रांताचे व्यापारी प्रदर्शन भवन १९१५ मध्ये खुले झाले. निनोशिमाच्या कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन मार्च १९१९ मध्ये याच इमारतीत भरले. कार्ल युखहाइम या कैद्याने तिथे बाउमकुखेन हा थरांचा जर्मन केक भाजून विकला. जपानमध्ये तो आज घरोघरी खाल्ला जातो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच छावणीतले लोक शहराच्या मैदानावर गोल करत होते, हे माहीत असले की त्या भग्न भिंतींमागचे जिवंत, गजबजलेले शहरही डोळ्यांसमोर येते. मराठी वाचकाला हिरोशिमा बहुधा एका तारखेपुरते ठाऊक असते. त्या तारखेच्या आधीचे शहर ओळखल्याशिवाय त्याचे नुकसान पुरते कळत नाही.

त्या शहराने खेळाडू घडवणे थांबवले नाही. केन नागानुमा हा अध्यापक विद्यालयाला जोडलेल्या शाळेचा विद्यार्थी. अणुबॉम्बच्या हिरोशिमातून वाचलेल्या पिढीतला. युद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा त्याच्या शाळेने देशातली शालेय फुटबॉल स्पर्धा जिंकली. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानी संघाचे प्रशिक्षक नागानुमाच होते. नंतर ते देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्षही झाले.

क्लबचे जन्मस्थान शहराच्या पूर्वेला आहे. हिरोशिमा स्थानकातून लोकल पकडली की तेन्जिनगावा आणि मग मुकाइनादा. इथे माझदाचा कारखाना रुळांपासून समुद्रापर्यंत पसरला आहे. १९२० मध्ये बुचाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढे तीनचाकी मालगाड्यांकडे वळली. तिचे नाव तोयो कोग्यो होते. अधिकृतपणे माझदा हे नाव तिने १९८४ मध्ये घेतले. कारखान्याचा फुटबॉल संघ १९३८ मध्ये उभा राहिला. अणुबॉम्बच्या स्फोटकेंद्रापासून कारखाना दूर होता आणि मध्ये हिजियामा टेकडी होती, म्हणून तो बराचसा वाचला. उद्ध्वस्त झालेल्या प्रांतिक सरकारचा कारभार काही काळ कंपनीच्या कचेरीतून चालला, आणि १९४५ च्या डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. फुटबॉल संघही परत उभा राहिला.

१९६५ मध्ये जपानची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग आठ संघांनिशी सुरू झाली. सगळे संघ कंपन्यांचे. खेळाडू कंपनीचे कर्मचारी. कामाचे तास भरून मग सरावाला जाणारे. तोयो कोग्योने पहिला हंगाम एकही सामना न गमावता जिंकला आणि सलग चार वर्षे, १९६८ पर्यंत, विजेतेपद आपल्याकडे ठेवले. पाचवे १९७० मध्ये आले. सम्राट चषकही या काळात तीनदा मिळाला. आरितात्सु ओगी आणि इकुओ मात्सुमोतो हे या संघातले खेळाडू मेक्सिकोच्या कांस्यपदक विजेत्या चमूत होते. राजधानीपासून दूरच्या, वीस वर्षांपूर्वी राख झालेल्या शहरातल्या कामगारांनी देशाच्या फुटबॉलवर हे राज्य केले. माझ्या मते क्लबच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पराक्रम आहे, पुढच्या झगमगत्या करंडकांपेक्षाही.

या संघातून आलेल्या काझुओ इमानिशी यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते चार वर्षांचे होते. डावा पाय भाजला, त्याचे व्रण कायम राहिले. त्याच पायाने ते तोयो कोग्योकडून खेळले आणि जपानच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. निवृत्तीनंतर कंपनीत इतर कामे केल्यावर १९८० च्या दशकात त्यांच्या हाती संघाची सूत्रे आली. त्यांनी हान्स ओफ्त या डच प्रशिक्षकाला आणले, आणि खेळाडू निवडताना पायांइतकेच माणसाकडे पाहण्याची रीत घालून दिली. मैदानाबाहेर नीट बोलता-वागता येणारा, स्वतः विचार करणारा तरुणच चांगला खेळाडू होतो, हा त्यांचा आग्रह. नागासाकीतल्या एका शाळेतला फारसा कोणाला माहीत नसलेला मुलगा १९८७ मध्ये त्यांनी भरतीच्या अगदी शेवटच्या जागेवर घेतला, तोही माझदाच्या एका उपकंपनीच्या पगारावर. तो मुलगा म्हणजे हाजिमे मोरियासु. २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी आणि स्पेन यांना हरवणाऱ्या जपानचे प्रशिक्षक तेच.

व्यावसायिक लीग आली तेव्हा कंपनीचे नाव सोडून शहराचे नाव घ्यावे लागले. १९९२ मध्ये क्लब सान्फ्रेच्चे झाला. सान्फ्रेच्चे म्हणजे तीन बाण. ही कल्पना सोळाव्या शतकातल्या मोरी मोतोनारी या सरदाराच्या आख्यायिकेवरून आली आहे: एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र बांधले की मोडत नाहीत, असे त्याने आपल्या तीन मुलांना दाखवून दिले. मोतोनारीचा डोंगरी किल्ला शहराच्या उत्तरेला आकिताकाता इथे आहे. तिकडे जाणारी बस डोंगर आणि भातखाचरे यांच्यामधून जाते. किल्ल्याचे आता केवळ तट आणि सपाट केलेल्या पायऱ्या उरल्या आहेत आणि रानात मोतोनारीची समाधी आहे. आकिताकातातल्याच योशिदा गावात क्लबचे सरावकेंद्र आहे. युवा संघातली मुले इथल्या वसतिगृहात राहतात आणि गावातल्या शाळेत शिकतात. मोठ्या शहराचा क्लब आपली मुले अशा शांत गावात वाढवतो, यामागे मला इमानिशींचाच विचार दिसतो. तोमोआकी माकिनो, योसुके काशिवागी, काझुयुकी आणि कोजी हे मोरिसाकी जुळे बंधू अशी नावे याच युवा संघातून पुढे आली. श्रीमंत क्लब विकत घेतात ते खेळाडू हिरोशिमाला घडवावे लागतात. घडले की त्यांतले बरेच दुसरीकडे जातात, आणि पुढची तुकडी तयार असावी लागते.

क्लबचे जुने मैदान, बिग आर्च, शहराच्या वायव्येकडच्या टेकड्यांवर आहे. होन्दोरीहून रबरी चाकांवर धावणारी अ‍ॅस्ट्राम लाइन घ्यायची आणि अगदी शेवटच्या स्थानकापर्यंत बसायचे. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. हे मैदान १९९४ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेले. धावपट्टी मध्ये असल्याने प्रेक्षक खेळापासून लांब, आणि छप्पर एकाच बाजूला. तरी जपानी फुटबॉलचा एक मोठा क्षण इथलाच आहे. ८ नोव्हेंबर १९९२ रोजी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात जपानने सौदी अरेबियाला १-० हरवून हा चषक पहिल्यांदा जिंकला. गोल सान्फ्रेच्चेच्या ताकुया ताकागीचा, आणि प्रशिक्षक हान्स ओफ्त. पुढच्या मे महिन्यात जे-लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यातला जपानी खेळाडूचा पहिला गोलही सान्फ्रेच्चेच्या याहिरो काझामाने केला.

१९९४ मध्ये स्टुअर्ट बॅक्स्टर यांच्या संघाने हंगामाचा पहिला टप्पा जिंकला, पण वर्षाच्या अंतिम लढतीत वर्दी कावासाकीने त्याला हरवले. नंतरचा काळ कठीण गेला. माझदाची आर्थिक ओढाताण वाढली आणि हिरोशिमातल्याच विद्युत उपकरणांच्या दुकानसाखळीने, म्हणजे आजच्या एडियॉनने, क्लबला हात दिला. २००२ आणि २००७ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, दोन्ही वेळा वर्षभरात वर आला.

दुसऱ्या घसरणीनंतर क्लबने जे केले ते विशेष आहे. प्रशिक्षक मिहाइलो पेत्रोविच यांना काढले नाही, आणि हिसातो सातोसारखा गोल करणारा खेळाडू क्लब सोडून गेला नाही. २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत या संघाने १०० गुण मिळवले. पेत्रोविच यांची रचना कागदावर ३-४-२-१ होती. चेंडू आपल्याकडे आला की मध्यातला एक खेळाडू बचावफळीत उतरे, दोन्ही कडांचे खेळाडू वर सरकत आणि पाच जण प्रतिस्पर्ध्याच्या बचावासमोर आडवे पसरत. चेंडू गेला की सगळे मागे. या रचनेची नक्कल पुढे अनेक संघांनी केली.

२०१२ मध्ये मोरियासु प्रशिक्षक म्हणून परतले. त्यांनी ही चौकट ठेवली आणि बचाव घट्ट केला. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला बिग आर्चवर सेरेझो ओसाकाला ४-१ हरवून क्लबने पहिल्यांदा जे-लीग जिंकली. सातो २२ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१३ मध्ये शेवटच्या दिवशी काशिमात जिंकून विजेतेपद राखले, आणि २०१५ मध्ये तिसरे मिळवले. त्याच डिसेंबरात क्लब विश्वचषकात रिव्हर प्लेटकडून एका गोलाने हरून संघ तिसरा आला. सम्राट चषकातले दुर्दैव मात्र संपलेले नाही. १९९५ ते २०२२ या काळात सहा अंतिम सामने खेळून सहाही गमावले. २०२२ चा पराभव तर दुसऱ्या श्रेणीतल्या कोफूकडून, पेनल्टींवर. सहा दिवसांनी लीग चषकाच्या अंतिम सामन्यात सेरेझोविरुद्ध एका गोलाने मागे असताना पिएरोस सोतिरिऊने भरपाईच्या वेळेत दोन गोल केले आणि हा चषक प्रथमच हिरोशिमाला आला.

शांततेचा विषय या क्लबच्या वर्षभर सोबत असतो, पण तो सर्वांत अर्थपूर्ण झाला तो ११ ऑगस्ट २०१८ रोजी. नागासाकीचा व्ही-व्हारेन संघ तेव्हा पहिल्या श्रेणीत होता, आणि अणुबॉम्ब झेललेल्या दोन शहरांचा लीग सामना हिरोशिमात, बिग आर्चवर झाला. नागासाकीचे प्रशिक्षक होते ताकुया ताकागी, ज्यांनी याच मैदानावर १९९२ चा तो गोल केला होता.

मैदान शहराच्या मध्यात हवे, ही चाहत्यांची मागणी अनेक वर्षांची. जागेचा वाद लांबला. घुमटासमोरच्या जुन्या बेसबॉल मैदानाची जागा, उजिनाचे बंदर, मध्यवर्ती उद्यान असे पर्याय चर्चेत राहिले, आणि २०१९ मध्ये उद्यान ठरले. ही जागा किल्ल्याच्या शेजारी. युद्धापूर्वी इथे लष्कर होते. बांधकामाआधीच्या उत्खननात लष्कराच्या वाहतूक तुकडीच्या छावणीचे अवशेष निघाले, आणि ते किती जपावेत यावर शहरात मतभेद झाले. मला वाटते अधिक जपायला हवे होते. जवळच मोतोमाची ही वसाहत आहे. युद्धानंतर घर गमावलेल्यांच्या झोपड्या जिथे दाटल्या होत्या, तिथे १९७० च्या दशकात उंच इमारती उभ्या राहिल्या.

एडियॉन पीस विंग हे नवे मैदान फेब्रुवारी २०२४ मध्ये खुले झाले. माझदा आणि एडियॉन या दोघांनीही त्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. २८,५२० आसने, सर्वांवर छप्पर, आणि जांभळ्या रंगाच्या रांगा थेट मैदानाच्या कडेपर्यंत. घुमटापासून मी चालत गेलो. वाट नदीकाठाने जाते आणि फार वेळ लागत नाही. जांभळे शर्ट घातलेली कुटुंबे, आजी-आजोबांसह, सामन्याच्या कितीतरी आधी उद्यानात बसलेली होती. डोंगरावरच्या मैदानाने त्यांचा अख्खा दिवस घेतला असता. २३ फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्यात संघाने उरावा रेड्सला २-० हरवले. त्या हंगामात प्रेक्षकांची सरासरी पंचवीस हजारांच्या पुढे गेली आणि संघ लीगमध्ये दुसरा आला. २०१५ चा सर्वोत्तम खेळाडू आणि आयुष्यभर याच क्लबकडून खेळलेला तोशिहिरो आओयामा त्या वर्षाच्या अखेरीस निवृत्त झाला. २०२१ मध्ये सुरू झालेला महिला संघ, सान्फ्रेच्चे हिरोशिमा रेजिना, आता याच मैदानावर आपले सामने खेळतो. महिला लीगचा चषक त्याने २०२३-२४ च्या हंगामात जिंकला.