देव नसलेल्या घरातील दुःख

बौद्ध घरात तरुण मूल गेले की दारात दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतात, जुने देव सोडलेत त्याचे हे फळ. दुसरी म्हणतात, सर्व अनित्य आहे, धम्म जाणणाऱ्याने रडू नये. दोन्ही मंडळी चहा घेऊन जातात आणि घर होते तिथेच राहते.

आमचा 19 वर्षांचा मुलगा 2023 च्या पावसाळ्यात डेंग्यूने 6 दिवसांत गेला. विक्रोळीच्या वस्तीत आम्ही बरीच वर्षे चळवळीचे काम करतो. नामकरण, मंगलपरिणय, जलदान विधी, जिथे बोलावतील तिथे जातो आणि लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतो. त्यामुळे आता आम्ही काय करतो याकडे वस्तीचे लक्ष होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावाहून आलेल्या आत्याबाईंनी मुलाच्या आईला बाजूला घेतले. "तुझ्या आजेसासऱ्यांनी टाक नदीत सोडले, ते कुणाच्या तरी मुळावर येणारच होते. एकदा जेजुरीला जाऊन ये," म्हणाल्या. आजोबांनी टाक सोडले 1957 साली. इतक्या वर्षांची थकबाकी काढून ती नातवाच्या पोराकडून वसूल करणारा देव कसला, असे आमच्यातल्या कारकुनाला वाटले.

पण रात्री दोन वाजता असले हिशेब चालत नाहीत. सकाळी वंदनेला बसलो की त्रिसरणाच्या दुसऱ्या ओळीशी आवाज बंद पडायचा. ज्या धम्माने आजोबांना माणूस केले, त्या धम्माने आमच्या मुलासाठी काय केले, हा प्रश्न मनात यायचा आणि कुणाला सांगायची सोय नसायची. कार्यकर्त्याने असे बोलायचे तरी कुणापाशी? एका रात्री मुलाची आई म्हणाली, "देव असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. बाबासाहेबांच्या फोटोशी कसं भांडू?"

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या सभांतूनही ते कधी ऐकले नव्हते. देव्हारा काढला तेव्हा त्याच्याबरोबर नवस गेले, अंगात येणे गेले, बकरी आणि कर्ज गेले, आणि हे सारे गेले ते फार चांगले झाले. पण दुःखाच्या वेळी डोके आपटायला एक दगड होता, तोही गेला. त्याच्या जागी माणूस बसवायचा होता, ते काम आपल्याकडून अजून व्हायचे आहे.

विहारात येणाऱ्या एका परिचारिका भगिनीने महापालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे नाव काढले. घरात एकदम शांतता पसरली. मुंबईत 'ठाण्याला नेला' म्हटले की माणूस कायमचा वेडा ठरतो, हे सर्वांच्या मनात पक्के बसलेले. दुसरी धास्ती तोंडाने कुणी बोलले नाही. ती आडनावाची. आपले आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलेल काय? दुःख सांगायला गेलेल्या माणसाला तेवढा एक क्षणही पुरतो.

समुपदेशक बाई आपल्या समाजाच्या नव्हत्या. त्यांनी आधी मुलाचे नाव विचारले आणि पुढे पाऊण तास ते नाव घेऊनच बोलल्या. आमच्या घरात दीड महिना ते नाव कुणी उच्चारले नव्हते. मग झोप किती, जेवण किती, घरात कोण कुणाशी बोलत नाही, एवढेच प्रश्न. त्याच विभागातील डॉक्टरांनी मुलाच्या आईला थोडे दिवस झोपेसाठी औषध दिले. तिसऱ्या भेटीत वंदनेचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, "म्हणवत नसेल तर म्हणू नका. नुसते बसा." इतक्या साध्या परवानगीची आम्ही वाट पाहत होतो, हे तेव्हा कळले.

जेजुरीचेही तिथेच निघाले. आम्हाला वाटले, बाई आता जा तरी म्हणतील, नाहीतर अंधश्रद्धेवर चार शब्द सांगतील. त्यांनी विचारले, "तिथे गेलात तर काय बोलाल?" मुलाची आई म्हणाली, "विचारीन, माझ्या लेकराने तुझं काय केलं होतं?" आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. त्यानंतर जेजुरीचा विषय तिने काढला नाही. समजा गेली असती, तरी तिला बाटलेली ठरवण्याचा अधिकार आम्ही कुणाला दिला नसता, स्वतःलाही नाही.

किसा गोतमीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही बाबासाहेबांनी ती घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या बाईला भगवंतांनी अनित्यतेचे प्रवचन लगेच दिले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, म्हणाले. म्हणजे तिला आधी माणसांच्या दारात पाठवले. प्रत्येक दारात तिने आपले सांगितले असेल आणि त्यांचे ऐकले असेल. समुपदेशन याहून फार वेगळे नाही असे आमचे मत झाले आहे. खुद्द बाबासाहेब आणि रमाईंनी 5 पैकी 4 अपत्ये गमावली, धाकटा राजरत्न 1926 साली गेला. त्यांच्या घराला असा ऐकणारा कोण होता, हा विचार अलीकडे वारंवार मनात येतो.

माहिती म्हणून सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी दवाखान्यातून हे उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवाही आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही.

वंदना आता पुरी होते. काही दिवशी होत नाही, तेव्हा आम्ही दोघे नुसते बसतो. विहाराच्या फळ्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमाखाली तो क्रमांक खडूने लिहिला, तेव्हा समितीतील एकदोघांना तो धम्माचा कमीपणा वाटला. त्यांच्याशी वाद अजून चालू आहे. मात्र त्याच रविवारी एक म्हातारी भगिनी मागे थांबली. तिची सून गेल्या वर्षी गेली. तिने हळूच विचारले, "भाऊ, तिथं जात विचारतात का?"

आम्ही म्हणालो, "नाही, आजी. केसपेपरवर नाव, वय आणि पत्ता लिहितात. मंगळवारी आम्ही बरोबर येतो."