जिल्ह्याच्या काठावरून

आम्ही धनजचे. कारंजा तालुक्यातले, अमरावतीच्या वाटेवरचे हे गाव. कोणी गाव विचारले की जिल्हाही सांगावा लागतो, आणि तेथेच आमची पंचाईत होते. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा अकोला, आमच्याही दाखल्यावर अकोलाच. मुलांच्या दाखल्यावर मात्र वाशीम. घर तेच, विहीर तीच, धुऱ्यावरची बाभूळही तीच.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा झाला. वाशीमला हा मान नवा नव्हता. इंग्रजी अमलात वऱ्हाडात ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडण्यात आला. त्याच्याही फार पूर्वी हेच गाव वत्सगुल्म नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. १९३९ साली वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट याची साक्ष देतो. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा याच घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज समग्र उपलब्ध नाही. जुन्या साहित्यशास्त्रज्ञांनी उद्धृत केल्यामुळे त्यातील काही भाग तेवढा उरला आहे. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला आहे! ज्या गावाला आपण आडवळणाचे म्हणतो, त्याची ही सोयरीक मराठी वाचकाने विसरू नये.

परंतु पूर्ववैभवाने आजची वाट सुकर होत नाही. जिल्हा लहान झाला की कचेरी जवळ येते, असे म्हणतात. वाशीमभोवतालच्या गावांना तो अनुभव आला असेल; आम्ही पडलो काठावरचे. आमची वाट अमरावतीकडे. दुखणे वाढले की माणूस तिकडे न्यायचा, लग्नाचा बस्ता तिकडे बांधायचा, मुलगी शिकायला तिकडेच ठेवायची. जिल्ह्याच्या कचेरीतील कामासाठी मात्र तोंड उलटे फिरवून, कारंजा ओलांडून वाशीम गाठायचे. कोरडवाहू शेतकऱ्याचा असा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे. वरच्या सहीसाठी ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढे तीन शब्द ऐकले, की हा हिशेब दुप्पट होतो. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला हा खर्च दिसत नाही.

२०१८ साली केंद्राने वाशीमची गणना आकांक्षी जिल्ह्यांत केली. ‘मागास’ या शब्दापेक्षा हा शब्द गोड खरा. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो कारंजा तालुक्यातूनच जातो. त्यावरून मोटारी वेगाने जातात. त्याच्या आजूबाजूला सोयाबीन, तूर आणि कपाशी पावसाची वाट पाहत उभी असते.

वाशीम पुन्हा जिल्हा झाले याचा आम्हांस आनंदच आहे. एकदा मोडलेले ठाणे पुन्हा उभे राहिले, हे थोडे नव्हे. मात्र जिल्ह्याची थोरवी त्याच्या कचेरीच्या इमारतीवरून मोजू नये. अगदी शेवटच्या गावचा म्हातारा सकाळी निघून, काम उरकून, दिवेलागणीला घरी परततो की नाही, हे त्याचे खरे माप. वत्सगुल्माच्या राजांनी प्राकृताला, म्हणजे लोकांच्या बोलीला, जवळ केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या नगराने त्या लोकांनाही जवळ करावे, एवढीच काठावरच्यांची मागणी आहे.