वाऱ्याची वेळ

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचा जुना किल्ला आहे. त्याच्या भिंतींनी शतकानुशतके समुद्राचे खारे वारे सोसले आहेत. सातपाटी, तारापूर, डहाणू या गावांतील मच्छीमारांचा एक जुना नेम आहे. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून वादळी वारे सुटले की होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, त्यांवर झावळ्यांचे आच्छादन घालायचे आणि श्रावणातील नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. कोळ्याच्या पोराला खेळता खेळता उमगणारा हा वाऱ्याचा नेम एका जगप्रसिद्ध दर्यावर्दीने मानला नाही, आणि त्याची त्याला केवढी किंमत मोजावी लागली!

८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन पोर्तुगालमधील लिस्बनहून निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून तो एप्रिल १४९८ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरात पोहोचला. पुढचा समुद्र त्याला अगदी अनोळखी होता. परंतु अरब आणि हिंदी व्यापारी तोच समुद्र कित्येक शतके ओलांडत होते. मालिंदीच्या राजाने गामाला एक वाटाड्या दिला. तो गुजरातेतला होता, असे जुने पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. त्याला वाऱ्यांची वेळ ठाऊक होती. नैर्ऋत्येचा वारा शिडांत भरून अवघ्या २३ दिवसांत त्याने हिंदुस्थानचा किनारा गामाच्या दृष्टीस आणून दिला. २० मे रोजी जहाजांनी कालिकतजवळ नांगर टाकला.

परतीची कथा मात्र करुण आहे. कालिकतच्या राजाशी बेबनाव झाल्यामुळे गामा ऑगस्टच्या अखेरीस घाईने निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थोडे थांबून ५ ऑक्टोबरला त्याने खुल्या समुद्राची वाट धरली. आफ्रिकेकडे नेणारे ईशान्येचे वारे स्थिरावण्यास अद्याप अवकाश होता. कधी वारा पडे, तर कधी तो उलट दिशेने वाही. जहाजे भर समुद्रात रखडली. जो पल्ला येताना २३ दिवसांत पार झाला, त्याला आता जवळजवळ तीन महिने लागले. ताजी फळे व भाजीपाला नसल्यामुळे खलाशांना स्कर्व्ही रोगाने ग्रासले. त्यांच्या हिरड्या सुजल्या, हातपाय गळाले. या एका प्रवासात सुमारे ३० माणसे दगावली. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले. पुढे जहाजे हाकायला माणसे पुरेनात, म्हणून आपले एक जहाज गामाला स्वतःच जाळून टाकावे लागले.

पोर्तुगीजांना हा धडा पुरेसा झाला. त्यांची जहाजे पुढे वाऱ्यांचे ऋतू पाहूनच लिस्बनहून निघू लागली आणि तसेच ऋतू पाहून परतू लागली. या किनाऱ्यावर त्यांनी ठाणी वसवली. तारापूरही त्यांच्याच ताब्यात होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ते जिंकून घेतले.

गामाच्या धैर्याबद्दल शंका नाही. अज्ञात सागरात जहाज लोटणे हे थोरच काम होय. पण त्या वाटाड्याचे नावही आज कोणाला निश्चित सांगता येत नाही. त्याच्या विद्येची एक खूण तेवढी उरली आहे. ऋतू या अर्थाचा ‘मौसिम’ हा अरबी शब्द पोर्तुगीजांनी या समुद्रावर उचलला, आणि त्यांच्या तोंडून तो युरोपभर पसरून ‘मान्सून’ झाला. मराठीत तोच शब्द ‘मोसम’ होऊन नांदतो. तारापूरचा किल्ला आज ओस पडला आहे. परंतु किनाऱ्यावरच्या होड्या अजून मोसम पाहूनच दर्यात उतरतात.