नवव्या सिंफनीचे पाठ

बीटहोवनची नववी सिंफनी 7 मे 1824 रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तिच्या आज उपलब्ध असलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांपैकी चार मी गेली वीसएक वर्षे आलटूनपालटून ऐकत आलो आहे. दोन विल्हेल्म फुर्टवेंगलरची आहेत: मार्च 1942 मधील बर्लिनचे आणि 29 जुलै 1951 चे बायरॉइटचे. तिसरे रॉजर नॉरिंग्टनचे, 1987 चे. चौथे लेनर्ड बर्न्स्टाइनने 25 डिसेंबर 1989 रोजी पूर्व बर्लिनमध्ये सादर केलेले. यांतले श्रेष्ठ कोणते, हा संग्राहकांचा प्रश्न आहे आणि त्यांनी तो खुशाल सोडवावा. संहिता एकच असताना या चार अनुभवांना आपण एकाच कृतीचे अनुभव कशाच्या आधारे म्हणतो, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

अशा वेळी आपल्याकडे ख्यालाची उपमा चटकन पुढे केली जाते. ती मला दिशाभूल करणारी वाटते. बंदिश हे विस्ताराचे अधिष्ठान असते; गायकाने तिच्या पलीकडे जावे हीच अपेक्षा असते. सिंफनीत प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. नेल्सन गुडमनने तर 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (1968) मध्ये, एक स्वर चुकला तरी ते त्या कृतीचे सादरीकरण नव्हे, अशी कठोर अट घातली. गंमत अशी की 'अदाज्यो'सारखे गतिसूचक शब्द त्याच्या मते कृतीची ओळख ठरवणाऱ्या लिपीत बसत नाहीत. लयमापकाचा आकडा मात्र बसू शकतो. बीटहोवनने या सिंफनीला असे आकडे दिले आहेत. तिसऱ्या भागाच्या आरंभी मिनिटाला 60 ठोके. जुन्या बनावटीची वाद्ये घेतलेला नॉरिंग्टन तो आकडा प्रमाण मानतो आणि हा भाग सुमारे अकरा मिनिटांत संपवतो. फुर्टवेंगलरला आणि बर्न्स्टाइनला त्यासाठी जवळजवळ वीस मिनिटे लागतात. नॉरिंग्टनकडे या भागाचे गीतपण उजळते, सुरावटीचा श्वास मानवी मापाचा राहतो. पण दोन विषयांमधल्या ज्या स्तब्धतेसाठी मी या भागाकडे वळतो, ती तिथे सापडत नाही. संहितेशी अधिक प्रामाणिक असलेले वाचन मला कमी समृद्ध वाटते, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

बर्न्स्टाइनने उघडउघड पाठभेद केला. 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत खुली झाली होती. दोन्ही जर्मनींतले आणि अन्य देशांतले वादक एकत्र आणून त्याने शिलरच्या काव्यातला 'आनंद' हा शब्द काढून 'स्वातंत्र्य' हा शब्द गाववला. जर्मनमध्ये 'फ्रॉयडं'च्या जागी 'फ्रायहाइट'. प्रसंग म्हणून हे हेलावणारे आहे. पण शिलरचा आनंद अनेक अर्थांना वाव देतो. बर्न्स्टाइनचे स्वातंत्र्य एका तारखेला बांधलेले आहे. ती तारीख दूर गेली तसतसे हे मुद्रण मी दस्तऐवज म्हणून अधिक आणि संगीत म्हणून कमी ऐकू लागलो.

खरी अडचण 1942 च्या मुद्रणाची आहे. पहिल्या भागात मूळ विषय परततो तेव्हा नगाऱ्यांचा जो कल्लोळ उठतो, तसा मी अन्य कोणत्याही मुद्रणात ऐकलेला नाही. अखेरीस गती जवळजवळ बेभान होते. हा युद्धकाळ आहे. पुढच्याच महिन्यात, 19 एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला फुर्टवेंगलरने हीच सिंफनी पुन्हा सादर केली. कार्यक्रमानंतर गोबेल्स पुढे येऊन त्याच्याशी हस्तांदोलन करतो, ते चित्रण उपलब्ध आहे. फुर्टवेंगलर नाझी पक्षाचा सभासद नव्हता, काही ज्यू वादकांना वाचवण्यासाठी त्याने खटपट केली, आणि तरीही तो देश सोडून गेला नाही. त्याचे चाहते मार्चच्या वादनात राजवटीविरुद्धचा आक्रोश ऐकतात. विरोधकांना त्यात राजवटीचाच उन्माद ऐकू येतो. दोघेही तोच नगारा ऐकत असतात. नादाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा उद्योग मला दोन्ही बाजूंनी अमान्य आहे.

मग मर्ढेकरांकडे जावे? संवाद, विरोध, समतोल यांच्या लयबंधात कृतीचे सौंदर्य शोधावे आणि बर्लिनला विसरावे? पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे दोन ध्रुव मानले, त्यांतल्या दुसऱ्यावर मला इथे उभे राहता येत नाही. कारण तिसऱ्या भागातली ती स्तब्धता 1942 मध्ये सर्वांत खोल आहे, आणि तारीख ठाऊक असल्याने ती मला अधिक खोल वाटते की मुळातच आहे, हे वेगळे काढण्याची रीत उपलब्ध नाही.

बायरॉइटचा पेच निराळा, पाठचिकित्सेचा. युद्धानंतरच्या पहिल्या महोत्सवाच्या उद्घाटनाचे हे वादन ईएमआयने फुर्टवेंगलरच्या मृत्यूनंतर, 1955 मध्ये प्रकाशित केले. पुढे बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली फीत बाहेर आली तेव्हा दोन्ही वादने तंतोतंत जुळत नाहीत असे दिसले. ईएमआयच्या तबकडीत तालमीतले अंश जोडलेले असावेत, असा तर्क पुढे आला. 2021 मध्ये स्वीडिश रेडिओने जपलेले थेट प्रक्षेपणही प्रसिद्ध झाले. एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आणि राजवाड्यांनी 1909 साली छापलेली प्रत यांच्यावरून झगडणाऱ्या आपल्या परंपरेला हा वाद परका वाटू नये. ज्या 'ऐतिहासिक सायंकाळी'विषयी पिढ्यानपिढ्या लिहिले गेले, तिचा काही भाग कात्रीने घडवलेला असेल तर त्या लेखनाचा विषय नेमका कोणता होता?

एम.ए.च्या वर्गात 'संहिता आणि वाचन' शिकवताना मी तिसऱ्या भागाची सुरुवात नॉरिंग्टनची आणि 1942 ची, अशी दोन्ही ऐकवतो. तारखा आधी सांगू नयेत, मुलांचे कान मोकळे राहू द्यावेत, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. मी आधी सांगतो. विभागात यावर आमचे एकमत झालेले नाही.