१९९१ ची माझी यादी

माझ्या नावावर छापलेली दोन वाक्यं मी लिहिलेली नाहीत. कॉलेजच्या १९९१-९२ च्या वार्षिक अंकात ती आहेत, माझ्या लेखाच्या शेवटी, आणि खाली माझं नाव आणि वर्ग आहे. ‘तरुण पिढीने या गोंगाटाच्या आहारी न जाता आपल्या अभिजात संगीताचा वारसा जपावा. परकीय संस्कृतीचे हे आक्रमण वेळीच ओळखण्यात सुज्ञपणा आहे.’ इतकी वर्षं झाली, तरी ही वाक्यं आठवली की माझं डोकं तापतं.

लेख साधा होता. सरत्या वर्षात आलेल्या रॉक आणि पॉप अल्बमांपैकी मला आवडलेले पाच, आणि ते का आवडले. तेव्हा आम्ही पुण्यातली पोरं हे संगीत कसं मिळवायचो, हे त्या पिढीला सांगायची गरज नाही. कॅम्पातल्या दुकानात कोरी कॅसेट घेऊन जायचं आणि भरून घ्यायचं. कुणाचा भाऊ मस्कतला असला तर तो सीडी आणायचा. स्टार टीव्हीवर एमटीव्ही त्याच वर्षी, सप्टेंबरात सुरू झालं. आमच्याकडे केबल नव्हती, पण एका मित्राच्या कोथरूडच्या सोसायटीत होती आणि त्याच्या आईला आमचा त्रास वाटत नसे.

यादीसाठी माझा नियम एकच होता. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला हवा. एखाद-दुसरं गाणं टीव्हीवर पाहिलं म्हणून अल्बमला जागा नाही. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ तेवढ्यासाठी बाहेर राहिला. त्यातलं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ एमटीव्हीवर सारखं लागायचं, जानेवारी १९९२ मध्ये तो अल्बम मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण माझ्या हातात पूर्ण कॅसेट आली ती उन्हाळ्यात. नियम म्हणजे नियम.

पहिला क्रमांक क्वीनच्या ‘इन्युएंडो’चा. हा अल्बम फेब्रुवारीत आला आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी मर्क्युरी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. एड्स झाल्याचं त्याने जगाला सांगितलं ते आदल्या दिवशी. म्हणजे आम्ही जवळजवळ वर्षभर ही गाणी ऐकत होतो, ती एक मरणाच्या दारात उभा असलेला माणूस गातोय हे न कळता. माझी कॅसेट नव्वद मिनिटांची होती, एका बाजूला पंचेचाळीस. ‘इन्युएंडो’ त्रेपन्न मिनिटांहून मोठा. त्यामुळे ‘द हिटमॅन’ संपतं न संपतं तोच रीळ संपायचं, टेपचं बटण खटकन वर यायचं, आणि शेवटची दोन गाणी दुसऱ्या बाजूला. कॅसेट उलटी करायची, की ब्रायन मेची ‘बिजू’तली गिटार सुरू. गिटारच जवळजवळ सगळं गाणं म्हणते, फ्रेडी मध्येच थोडा येऊन जातो. आणि मग ‘द शो मस्ट गो ऑन’. त्या आवाजात आजारपणाचा मागमूस नाही. आधी दहा गाणी, मग उठून कॅसेट उलटण्याएवढी शांतता, आणि मग ही दोन. सीडीवर ती शांतता नाही. मला अजूनही तो अल्बम तिथे थांबवावासा वाटतो.

उरलेल्या रिळावर दुकानदाराने आर. ई. एम. चा ‘आउट ऑफ टाइम’ भरून दिला. तो मावत नव्हता, ‘कंट्री फीडबॅक’ अर्ध्यातच तुटलं आणि त्यापुढचं गाणं आलंच नाही. नियमाप्रमाणे हा अल्बम मला धरता येत नव्हता, म्हणून ओरिजिनल कॅसेट विकत घेतली. ‘लूझिंग माय रिलिजन’ मॅन्डोलिनवर उभं आहे. त्या काळात रॉकवाल्यांच्या हातात मॅन्डोलिन म्हणजे नवलच होतं. आणि त्याचा व्हिडिओ तरसेम सिंगचा, जालंधरमध्ये जन्मलेल्या आपल्या माणसाचा. एमटीव्हीने त्या वर्षी तो वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरवला.

मेटॅलिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम, यू-टूचा ‘आख्तुंग बेबी’ आणि ‘डेंजरस’ हे बाकीचे तीन. मेटॅलिकाचे जुने चाहते तेव्हा चिडले होते, बॅण्ड मऊ झाला म्हणत होते. मला ‘नथिंग एल्स मॅटर्स’मध्ये मागे हळूच येणारी व्हायोलिनं आवडली आणि मी तसं लिहिलं. गन्स अँड रोझेसचे दोन ‘यूज युअर इल्यूजन’ एकाच दिवशी आले. ते मी मुद्दाम घेतले नाहीत. दोन कॅसेटींतून एक चांगली कॅसेट निघाली असती, असं माझं मत होतं आणि आहे.

लेखाचा शेवट मी पाचगणीने केला होता. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आई-बापांनी त्याला लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, तिथेच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बॅण्ड काढला आणि शाळेच्या कार्यक्रमांत वाजवला. मला हे एका मित्राने सांगितलं, तो पाचगणीलाच शिकलेला. पुण्याहून एसटीने तीन-साडेतीन तासांवर, टेबललँडच्या पायथ्याशी, या माणसाने पहिल्यांदा लोकांसमोर पियानोवर बोटं ठेवली, हे लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता! सातारा जिल्ह्यातल्या मुलाबद्दल लिहावं तसं मी लिहिलं.

अंक हातात आला तो मार्चमध्ये. लायब्ररीच्या खिडकीपाशी रांग होती, ओळखपत्र दाखवून अंक घ्यायचा. मी तिथेच जिन्यावर बसून पान काढलं. मथळा बदललेला. मी दिला होता ‘१९९१ : पाच अल्बम’, छापला होता ‘पाश्चात्य संगीताची वावटळ’. मेटॅलिका गायब. यू-टू गायब. पाचांचे तीन झाले होते, पण ‘पाच अल्बम’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात तसेच राहिले होते. आर. ई. एम. होता, तरसेम सिंग नव्हता. पाचगणीचा संपूर्ण परिच्छेद काढलेला. आणि त्या जागी ती दोन वाक्यं.

एक सांगतो. कापाकापी झाली असती तर मी गप्प बसलो असतो. अंकाला पानं मोजकी असतात, मला कळतं. पण माझ्या तोंडी शब्द घालायचे? तेही मी नेमकं जे म्हणत होतो त्याच्या उलट?

मी अंकाचं काम पाहणाऱ्या सरांकडे गेलो. स्टाफरूममध्ये ते पेपर तपासत होते. माझा अंक पुढे केल्यावर म्हणाले, “छान झालाय रे लेख. भाषा चांगली आहे तुझी.”

“सर, शेवट मी लिहिलेला नाही.”

“हो, तो मी केला. नुसती आवडनिवड सांगून लेख संपत नाही. काही दिशा द्यावी लागते.”

“पण सर, मला तसं वाटत नाही.”

त्यांनी चष्मा काढला. रागावले नव्हते, हे आज जास्त बोचतं. “वाटेल,” म्हणाले, “अजून लहान आहेस.”

“आणि पाचगणी, सर?”

“त्याचा विषयाशी काय संबंध?”

मी निघून आलो. दुरुस्तीचं पत्र लिहिलं, पुढच्या अंकासाठी. ते छापलं गेलं नाही. पुढच्या वर्षी संपादक मंडळ बदललं, त्यांनी पत्र मिळालंच नाही असं सांगितलं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा काही नाही. मित्र म्हणाले, सोड ना, कोण वाचतं वार्षिक अंक. माझ्या घरी वाचला. वडील माझं छापलेलं नाव पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी लेख दोनदा वाचला आणि म्हणाले, “चांगलं लिहिलंयस. शेवट तर फारच छान.” त्यांना खरं काय ते मी त्या वेळी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

सरांनी कधी विचारलं असतं तर कळलं असतं, की त्याच डिसेंबरात मी ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सवाला रात्रभर बसलो होतो. सकाळी घरी येऊन झोपलो आणि संध्याकाळी कॅसेटवर ‘इन्युएंडो’ लावला. एका कानाने एक आणि दुसऱ्या कानाने दुसरं असं कधीच नव्हतं, दोन्ही कान दोन्हींचे होते. वारसा जपायचा म्हणजे दुसऱ्याचं दार बंद करायचं, ही समजूत कुठून येते मला माहीत नाही, पण तिने मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बऱ्याच पोरांना आपली आवड लपवायला शिकवलं. ती घरात हेडफोन लावून ऐकायची आणि चारचौघांत नाट्यगीतांवर बोलायची. मला नाट्यगीतंही आवडतात. पण कुणी बोलायला लावलं म्हणून नव्हे.

वर्षाची यादी त्या वर्षीच करावी आणि नंतर तिला हात लावू नये, असं मी तेव्हापासून मानत आलो. ती साक्ष असते. कुणाला काय, कुठून आणि कोणत्या रिळावर ऐकायला मिळालं याची. आता फोनमधली ॲप डिसेंबरात आपण होऊन तुमची यादी करून देतात, कोणतं गाणं किती वेळा लावलं ते मोजून. मोजण्याचा आणि आवडण्याचा काय संबंध? ‘द शो मस्ट गो ऑन’ मी त्या वर्षी फार वेळा लावलंच नाही, लावायला धीर व्हायचा नाही. कुठल्याही मोजणीत ते शंभरावं आलं असतं.

तरीही खरं सांगायचं तर मी स्वतःच माझ्या यादीला हात लावला आहे. मॅसिव्ह अटॅकचा ‘ब्लू लाइन्स’ आणि माय ब्लडी व्हॅलेन्टाइनचा ‘लव्हलेस’, दोन्ही १९९१ चेच, मला कितीतरी नंतर मिळाले. आज कुणी १९९१ विचारलं तर ते दोन्ही आणि ‘नेव्हरमाइंड’ माझ्या तोंडून आपोआप येतात, आणि ‘डेंजरस’ येत नाही. मग साक्ष कुठे राहिली? मला याचं उत्तर सुचलेलं नाही. माझी यादी मी बदलली तर चालतं, दुसऱ्याने बदललेली चालत नाही, एवढंच मी ठामपणे सांगू शकतो.

सर आता नाहीत. वडीलही नाहीत. अंकाची एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत असणार, आणि त्यात ती दोन वाक्यं माझीच म्हणून असणार. म्हणून दुरुस्ती इथे करतो. १९९१ च्या अखेरीची माझी यादी, क्रमाने, अशी होती : ‘इन्युएंडो’, ‘आउट ऑफ टाइम’, ‘आख्तुंग बेबी’, मेटॅलिकाचा काळा अल्बम आणि ‘डेंजरस’. लेखाचा शेवट पाचगणीच्या शाळेतल्या पियानोवर होता. शाळा-कॉलेजचे अंक आजही निघतात. ते काढणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की पोराचा लेख हवा तेवढा कापा, नको असेल तर परत करा, पण त्याच्या नावावर तुमचं वाक्य छापू नका.