घराला कारभारी एकच

बडोद्यातलं ते जुनं घर. भिंती चांगल्या दीड-दीड फुटांच्या. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण वाय-फायच्या लहरींना त्या भिंती वाट देत नव्हत्या. दिवाणखान्यात इंटरनेट जोरात आणि मागच्या खोलीत शून्य. मागची खोली आजोबांची. परदेशातल्या लेकीशी बोलायला त्यांना रोज दिवाणखान्यात यावं लागे. तिथं सून काम करीत बसलेली. चार शब्द बोलून ते परत जात. "माझं काय, कसंही चालतं," असं म्हणत.

आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एका दुपारी त्यांनी माळ्यावरचा जुना राऊटर काढला, पुसला, मागच्या खोलीपर्यंत केबल ओढली आणि जोडून दिला. संध्याकाळी घरभर गोंधळ! कुणाचा फोन चालेना, सुनेचं काम अडलं. मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, नसते उद्योग सांगितलेत कुणी?" आजोबांनी मुकाट्यानं प्लग काढला आणि ते आपल्या खोलीत गेले.

रात्री सून तोच राऊटर घेऊन त्यांच्याकडे आली. "बाबा, केबल तुम्ही अगदी नीट ओढलीत. चूक वेगळीच झाली."

सून घरून हिशेबाची कामं करी. गिऱ्हाइकांची कागदपत्रं सुरक्षित राहावीत म्हणून तिनं फायरवॉल बसवून घेतली होती. बाहेरून आगंतुक येऊ न देणारा हा पहारेकरीच घरातल्या प्रत्येक फोनला, संगणकाला पत्ता वाटून देई. जुना राऊटरही सवयीनं पत्ते वाटायला लागला. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१! कुणाचं ऐकावं हे उपकरणांना कळेना.

आजोबा हसले. "म्हणजे एका घरात दोन कारभारी!"

मग दोघं कामाला लागली. राऊटर घराच्या केबलपासून अलग ठेवून फक्त सुनेच्या लॅपटॉपला जोडला. त्याला १९२.१६८.१.२ हा नवा पत्ता दिला. फायरवॉल हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही, याची खात्री सुनेनं आधीच केली होती. मग पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद केली. दिवाणखान्यातलं वाय-फाय १ नंबरच्या चॅनलवर होतं, म्हणून याला ६ नंबर दिला. शेवटी केबल लावली. पण ती 'वॅन' लिहिलेल्या वेगळ्या खाचेत नाही, तर शेजारच्या 'लॅन'च्या चार खाचांपैकी एकीत. आता तो राऊटर नुसता ॲक्सेस पॉइंट झाला. सगळी ये-जा फायरवॉलमधूनच.

"पण एक सांभाळायचं," सून म्हणाली. "याच्या वाय-फायवर जो आला, तो फायरवॉलच्या आत आला. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असं नको." म्हणून तिनं डब्ल्यूपीए-२ सुरक्षा निवडली, लांबलचक पासवर्ड ठेवला, बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद केली आणि राऊटरचा मूळचा पासवर्डही बदलला. राऊटरमध्ये नुसती जुनी 'वेप' सुरक्षा असती, तर तिनं तो वापरलाच नसता. ती २००१ सालीच फोडली गेली आहे.

त्या रात्री आजोबा आपल्या पलंगावर बसून लेकीशी तासभर बोलले. मग सुनेला म्हणाले, "वाटायचं काम पुढच्याकडं, पोचवायचं या म्हाताऱ्याकडं. दोघांचं छान जमलं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा स्वतः चहा घेऊन मागच्या खोलीत गेला. थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "बाबा, काल मी उगाच बोललो. वरच्या खोलीतही एक केबल ओढायची आहे. तुम्ही दाखवाल का मला?"

आजोबांनी चहा संपवला आणि पक्कड शोधायला उठले.